भरतीबाईंचा तक्ता

आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या गेली एकोणीस वर्षं बंदराच्या पाणीमोजणी कचेरीकडे आहेत. कचेरी म्हणायचं इतकंच. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, भिंतीवर नदीच्या मुखाचा नकाशा, एक संगणक आणि भरतीबाई. खिडकीतून धक्का दिसतो. धक्क्याच्या टोकाला पाण्यात उभा असलेला, मीटरच्या खुणा रंगवलेला खांब दिसतो. त्याच्या पलीकडे वाळूचा लांबट दांडा आहे. भरतीला तो बुडतो आणि ओहोटीला जवळजवळ वर येतो. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या फेरीबोटीला हा दांडा ओलांडावा लागतो. पाणी चार बोटं कमी पडलं तर बोट वाळूवर बसते, आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत माणसं बोटीत एकमेकांची तोंडं बघत बसतात.

असं होऊ नये म्हणून तक्ता असतो. येत्या वर्षात रोज पाणी किती वाजता किती चढेल आणि किती वाजता किती उतरेल, हे आधीच गणिताने काढून छापतात आणि धक्क्यावरच्या फळ्याला चिकटवतात. हा तक्ता करणारी ती भरतीबाई. नाव बोटीवाल्यांनी ठेवलं. तिचं खरं नाव माझ्या डायरीत ती कचेरीत पहिल्यांदा आली त्या दिवशी लिहिलेलं आहे. त्यानंतर मीही भरतीबाईच लिहीत आले.

ती इथे आली ती खांबवाल्यांची सून म्हणून. तिचे सासरे एकतीस वर्षं रोज दिवसभर दर तासाला त्या खांबावरचं पाणी वाचून वहीत लिहायचे. नवरा जहाजावर मेकॅनिक, सहा-सहा महिने बाहेर. गणिताची पदवी घेतलेली ही मुलगी घरात काय करणार? ती सासऱ्यांचा डबा घेऊन धक्क्यावर यायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत त्यांच्या वह्या चाळायची. तिसऱ्या आठवड्यात तिने त्यांना सांगितलं, की तुमच्या मंगळवारच्या चार वाजताच्या आकड्यात चूक आहे. सासरे पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी जेवताना म्हणाले, "चूक होती." त्यानंतर वह्या तिच्याच झाल्या. तिने त्या संगणकात उतरवल्या, प्रोग्रॅम लिहायला पुस्तकं वाचून शिकली, आणि गेली अकरा वर्षं आमच्या फळ्यावर लागणारा तक्ता तिच्याच प्रोग्रॅममधून निघत आला. त्याआधी लांबच्या मोठ्या बंदराचा तक्ता घ्यायचे आणि सरसकट वीस मिनिटं वजा करायचे. तेव्हा बोट महिन्यातून दोनदा तरी वाळूवर बसायची. हेही डायरीत आहे, कारण माझी खिडकी त्याच दिशेला आहे.

भरतीबाई पन्नाशीची आहे. चष्मा दिवसातून वीसदा पुसते. केसातली पिन संगणकाची बंद पडलेली कळ उचकटायलाही वापरते आणि कागद टाचायलाही. चपला कचेरीच्या दाराबाहेर काढते. का, असं विचारलं तर म्हणते, वाळू आत आली की यंत्राचं पोट बिघडतं. विचार करत असली की खुर्चीवर मांडी घालते. कुणी आलं की घाईघाईने पाय खाली सोडते, आणि ती दाराबाहेर काढलेल्या चपला टेबलाखाली चाचपडायला लागली की मला कळतं, विचार अर्धवट राहिला.

ज्या दहा दिवसांबद्दल मी लिहिते आहे, ते एका मंगळवारी सुरू झाले. नवं वर्ष लागायला दहा दिवस होते. तक्त्याचं शेवटचं गणित त्या दिवशी व्हायचं होतं. दुपारी मी नेहमीसारखी चहा घेऊन खाली गेले, तर भरतीबाई मांडी घालून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर रकानेच्या रकाने भरलेले, आणि प्रत्येक रकान्यात तीच तीन इंग्रजी अक्षरं.

"याचा अर्थ काय गं?" मी विचारलं.

"हा आकडा नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, मला समजलं नाही म्हणून ती असं म्हणते आहे. पण नाही. त्या तीन अक्षरांचा अर्थच तो. गणित करता करता यंत्राची अशी गत झाली, की जे हाताला लागलं त्याला आकडा म्हणता येईना, तर ते प्रामाणिकपणे तसं लिहून मोकळं होतं. सगळं वर्ष, आठ हजार सातशे साठ तास, आणि एकाही तासाला आकडा नाही.

सासरे काठी टेकत आले, पडदा पाहिला आणि खुर्चीत बसत म्हणाले, "सूनबाई, खांब मला एकतीस वर्षांत असं कधी बोलला नाही."

मला पुढचं समजावं म्हणून तिने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मी ते लिहून घेतलं. पाणी चंद्र-सूर्याच्या ओढीने हलतं हे शाळेत शिकले होते. ती ओढ म्हणजे बरीच चाकं आहेत असं समजायचं. एक चाक बरोबर बारा तासांत फिरतं, एक साडेबारा तासांच्या जरा आतच, एक वर्षातून एकदा. कुठल्याही तासाला कुठलं चाक कुठे आहे हे कळलं, की सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या तासाचं पाणी. चाकाने पुऱ्या केलेल्या फेऱ्या सोडून द्यायच्या आणि अर्धवट फेरीची बाकी घ्यायची. हे बाकी काढायचं काम संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम करून देते. मग दुसरं, अवघड काम. कुठलं चाक आपल्या नदीच्या मुखाशी किती जोर लावतं, हे खांबावरच्या खऱ्या मोजमापांवरून शोधायचं. त्यासाठी शेकडो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. ती सोडवणारं गणित भरतीबाईने लिहिलेलं नाही. जगभरच्या गणिती लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी एक गणिताची लायब्ररी आहे, ती हे काम करते. "कापड आपलं, बेतणं आपलं," ती म्हणाली, "पण शिलाईचं मशीन काही आपण घरी ओतत नाही ना, मावशी."

आणि मशीनच टाका घालेनासं झालं होतं.

पहिले दोन दिवस तिने स्वतःवरच संशय घेतला. पंधरवड्यापूर्वी तिने प्रोग्रॅमची साफसफाई केली होती. घर आवरलं की हमखास काहीतरी हरवतं, तसंच झालं असणार असं म्हणत तिने केलेली सगळी आवराआवर उलटी फिरवली. तरी आकडा नाही. लायब्ररी काढून पुन्हा घातली. तिची जुनी आवृत्ती आणून पाहिली. आकडा नाही. पलीकडच्या मोठ्या कचेरीतल्या साहेबांना फोन केला. साहेब माणूस वाईट नाही, पण घाईत जन्मलेला. ते म्हणाले की संगणक चुकत नाही, माणूस चुकतो. छपाई सोमवारी, चार तारखेला आहे. तोपर्यंत तक्ता आला नाही तर ते वर्षभरासाठी मोठ्या बंदराचा तक्ता वीस मिनिटं वजा करून छापतील, आणि एकदा तसं केलं की पुढेही तसंच चालू ठेवायला त्यांची हरकत नाही. फोन ठेवल्यावर भरतीबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिली. अकरा वर्षांचं काम वीस मिनिटांच्या वजाबाकीत जाणार होतं.

गुरुवारी तिने मला विचारलं, की तुमचा तो लॅपटॉप कुठे आहे. मुलीने चार वर्षांपूर्वी पाठवलेला लॅपटॉप मी कपाटात साडीच्या घडीखाली ठेवला होता. इंटरनेटला जोडला की तो सारखे प्रश्न विचारायचा, म्हणून मी तो जोडणंच बंद केलं होतं. भरतीबाईने तोच प्रोग्रॅम, तीच लायब्ररी, तीच मोजमापं त्यात भरली. माझ्या लॅपटॉपने एक मिनिट घेतलं आणि आठ हजार सातशे साठ आकडे काढून दिले. सगळे आकडे.

मला वाटलं, संपलं. पण ती सुखावण्याऐवजी आणखीच चाळवली. दोन्ही यंत्रांत सगळं सारखं, फरक फक्त एकाच गोष्टीत. कचेरीच्या संगणकाने आदल्या रविवारी आपण होऊन ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट करून घेतली होती, आणि माझा लॅपटॉप चार वर्षं साडीखाली झोपला होता. म्हणजे दोष ना तिचा होता, ना लायब्ररीचा. तो खालच्या जमिनीतच होता.

साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं की तक्त्याखाली काय लिहायचं, घरमालकीणबाईंच्या लॅपटॉपवर केला असं? कचेरीचा तक्ता कचेरीच्या यंत्रातूनच निघायला हवा असा नियम आहे. मी म्हटलं, नियम राहू दे, आकडे तर खरे आहेत ना. गुपचूप त्यावरून उतरवून घे.

"मावशी, आज तुमच्यावरून उतरवीन," ती म्हणाली. "उद्या खांबाचे नवे आकडे आले, की परत तुमच्या कपाटाशी येऊन उभी राहू का? हे का होतंय ते कळल्याशिवाय मला तो आकडा माझा वाटत नाही."

मला हे पटलं. मी वरून डायरी आणली.

शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत तिने प्रयोग केले आणि मी नोंदले. आम्हाला शाळेत सिस्टरांनी डायरी लिहायला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, दिसलं ते लिहा, वाटलं ते नंतर. त्यामुळे माझे रकाने साधे होते: वेळ, गणित कुठून सुरू केलं, कुठे संपलं, आकडा आला की नाही. ती कधी चाकं कमी करायची, कधी जास्त. कधी एक महिना घ्यायची, कधी एक आठवडा. कधी संगणक बंद करून पुन्हा चालू करायची. सासरे दारात बसून टोमणे मारायचे. एकदा म्हणाले, वहिनी, तुमची डायरी भरली की सांगा, माझ्या कोऱ्या वह्या आहेत, यांना आणखी दोन-तीनशे वेळा नापास व्हायचंय. भरतीबाईने मान वर न करता उत्तर दिलं, की बाबा, मंगळवारचे चार वाजले का बघा. इतक्या वर्षांनीही ते औषध लागू पडतं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस नोंदी झाल्या. चाळीस वेळा आकडा नाही, तीन वेळा आकडा. तिला त्या तिन्हींत काही समान दिसत नव्हतं. एकात सगळी चाकं होती, एकात दोनच, एक तीन महिन्यांचं गणित आणि एक चार दिवसांचं. ती पार दमली होती. मी पान मिटायच्या आधी नेहमीच्या सवयीने सगळ्या नोंदी मोठ्याने वाचून काढल्या. वाचताना कान जे पकडतो ते डोळ्यांतून निसटतं.

"तुझे पास झालेले तिन्ही मधूनच सुरू झालेत बघ," मी म्हटलं.

"मधून म्हणजे?"

"एक आठशेव्या तासापासून, एक दोन हजारपासून, आणि हा शेवटचा पन्नासपासून. नापास झालेले सगळे वर्षाच्या पहिल्याच ओळीपासून."

ती उठून उभी राहिली. चपलाही चाचपडल्या नाहीत.

आता ही पहिली ओळ काय, ते सांगायला हवं. दुसऱ्या कुणी हा प्रोग्रॅम लिहिला असता तर वर्षाचा पहिला तास 'एक' धरला असता. पण सासऱ्यांच्या प्रत्येक वहीची पहिली ओळ एकच असते: 'तास शून्य'. वर्ष सुरू झालं तेव्हाचं पाणी, अजून एकही तास गेलेला नाही, म्हणून शून्य. त्यांच्या एकतीस वह्या अशाच मोजलेल्या आहेत, आणि सुनेने आदराने तेच मोजणं प्रोग्रॅममध्ये ठेवलं होतं. शून्याव्या तासाला सगळी चाकं शून्यावर उभी. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला सगळ्यात पहिल्यांदा विचारलं जायचं: शून्यातून पुऱ्या फेऱ्या काढल्या तर बाकी किती?

बुधवारी सकाळी तिने दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिली ओळ: शून्याची बाकी काढ. दुसरी: लायब्ररीला सांग, हे लहानसं समीकरण सोडव. उत्तर आलं, आकडा नाही. पहिल्या ओळीत शून्याच्या जागी एक टाकला. समीकरण सुटलं. पुन्हा शून्य, आकडा नाही. पुन्हा एक, सुटलं. आम्ही दोघी एखादं दिवा लावायचं बटण सापडल्यासारख्या अर्धा तास तेच करत बसलो.

झालं होतं ते असं. संगणकाच्या चिपमध्ये गणित करायला एक अगदी छोटी पाटी असते, आणि सगळे तीच वापरतात. नव्या अपडेटनंतर ऑपरेटिंग सिस्टीम शून्याची बाकी काढताना उत्तर बरोबर द्यायची, पण पाटीवर आपली एक खूण तशीच सोडून जायची. मागून लायब्ररी यायची. पाटी कोरी असणार या भरवशावर ती लिहायला लागायची, त्या उरलेल्या खुणेवर तिचं पहिलंच पाऊल चुकायचं, आणि मग पुढचं सगळं गणित 'आकडा नाही'.

तिने हे ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना कळवलं. तिकडून ताबडतोब उत्तर आलं, की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही कळवलं. तिथल्या एका अनोळखी माणसाने लिहिलं, की आणखी तिघांची अशीच तक्रार आहे, पण शून्याचा धागा कुणाला सापडला नव्हता, आभार, मूळ दुरुस्तीला मात्र काही महिने लागतील असं दिसतं. तिने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. पण हातात काही महिने नव्हते. बुधवार निम्मा गेला होता.

सोपी वाट समोर होती: वर्ष शून्याऐवजी एकपासून मोजायचं. तिने ती मोठ्याने बोलून दाखवली मात्र, सासरे दारातून आत आले. ते नेहमी टोमण्यात बोलतात, तेव्हा सरळ बोलले.

"सूनबाई, त्यांच्या घरचा दगड वाटेत पडला म्हणून तू माझं शून्य हलवणार?"

तिलाही ते नको होतं. एकतीस वह्या एका तासाने सरकवायच्या, आणि पुढे कुणी जुने आकडे नव्यांशी जोडायला घेतले की दर वेळी तो एक तास आठवणीत ठेवायचा. शिवाय उद्या एखादं चाक दुसऱ्याच कुठल्या तासाला बरोबर शून्यावर आलं तर? शून्य टाळणं म्हणजे जिना मोडलाय म्हणून वरच्या खोलीत राहणंच सोडून देणं.

दुपारी चहा घेताना ती त्याच विचारात होती. ज्यांनी घाण केली त्यांनी काढावी, इतकंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यावरून मला आमच्या शाळेतली एक गोष्ट आठवली. आमचे अंकगणिताचे मास्तर तास संपला की फळा न पुसताच जायचे. पुढचा तास भूगोलाच्या सिस्टरांचा. त्या रोज निमूटपणे सगळा फळा पुसायच्या आणि मग नकाशा काढायच्या. मी वर्गाची मॉनिटर होते आणि न्यायाची मला फार हौस. एक दिवस मी उभी राहिले आणि विचारलं, सिस्टर, लिहिलं त्यांनी, मग तुम्ही का पुसता? त्या खडूचे हात झटकत म्हणाल्या, "माझा तास आहे. माझा फळा मी पुसून घेते."

भरतीबाईचा कप ओठांपाशी थांबला. मग तिने तो खाली ठेवला, माझ्या डायरीवरच. त्या पानावर अजून गोल डाग आहे.

पाटी पुसण्याची एक सूचना त्या चिपमध्ये पहिल्यापासून होती. ती कुणी वापरत नव्हतं, कारण पाटी पुसलेलीच मिळते असं सगळे धरून चालले होते. भरतीबाईला ती शोधायला बुधवारची उरलेली दुपार लागली आणि प्रोग्रॅमला जोडायला गुरुवार लागला, कारण ती वेगळ्या भाषेत लिहावी लागते आणि त्या भाषेचं तिचं पुस्तक कपाटामागे पडलं होतं. शेवटी काम निघालं ते एका ओळीचं. लायब्ररीला हाक मारण्याआधी, दर वेळी, आधी कोण येऊन गेलं याची चौकशी न करता, पाटी पुसायची.

शुक्रवारी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आठ वाजता, कचेरीच्या संगणकाने शून्याव्या तासापासून पूर्ण तक्ता दिला. तिने तो माझ्या लॅपटॉपच्या तक्त्याशी ताडून पाहिला. आठ हजार सातशे साठच्या आठ हजार सातशे साठ ओळी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळल्या. सासऱ्यांनी फक्त पहिली ओळ वाचली आणि कागद परत दिला.

पण धक्क्यावर तोपर्यंत साहेबांच्या हुकमाने मोठ्या बंदराचा कागद लागला होता, तात्पुरता म्हणून, आणि साहेब स्वतः त्याच सकाळच्या फेरीने पलीकडून आमच्याकडे यायला निघाले होते. तो कागद म्हणत होता: सव्वादहाला ओहोटी, खांबावर साठ सेंटिमीटर. भरतीबाईचा तक्ता म्हणत होता: दहा चाळीसला, बेचाळीस सेंटिमीटर. दांडा ओलांडायला बोटीला खांबावर चोपन्न तरी लागतात. तिने बोटीच्या सारंगाला फोन केला. सारंग म्हणाला, की बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण फळ्यावरचा कागद पाळायचा असं साहेबांनी सांगितलंय, आणि साहेब माझ्या शेजारी उभे आहेत.

दहा वाजून चार मिनिटांनी बोट आमच्या खिडकीसमोर, दांड्याच्या मधोमध, वाळूवर बसली. हळूच बसली, एखादी म्हातारी बाई खुर्चीत बसावी तशी. समुद्र शांत होता. माणसं आधी उभी राहिली, मग बसली, मग कुणीतरी बिस्किटाचा पुडा काढला. पुढच्या टोकाला हातात फाइल घेऊन साहेब उभे होते.

कचेरीतला फोन वाजला. भरतीबाईने मलाही ऐकू येईल असा तो टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं की सव्वादहाला पाणी चढायला लागेल, मग पाच-दहा मिनिटांत सुटू ना?

"नाही साहेब. अजून पंचवीस-तीस मिनिटं उतरतंच आहे," ती म्हणाली. मग तिने हाताचं बोट तक्त्यावरून खाली फिरवलं, कडेला पेन्सिलने दोन आकडे मांडले आणि सांगितलं, "अकरा वाजून सोळा मिनिटांनी सुटाल."

मग साहेबांनी विचारलं, हे त्या बिघडलेल्या यंत्राने सांगितलं का. ती म्हणाली, हो, कचेरीच्याच.

सासरे काठी घेऊन खांबापाशी गेले. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांनी जुनी वही नेली होती. मी खिडकीशी डायरी घेऊन बसले. सव्वादहाला ते ओरडून म्हणाले, "एक्कावन्न, आणि उतरतंय." साडेदहाला पंचेचाळीस. दहा एक्केचाळीसला त्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला: चव्वेचाळीस, पाणी थांबलंय. बोटीवरच्या लोकांनाही आता कळलं होतं की काहीतरी मोजलं जातंय; सगळ्यांची तोंडं खांबाकडे होती. साहेबांनी फाइल काखेत मारली होती आणि मनगटावरचं घड्याळ बघत होते. अकरा वाजून सोळा मिनिटं झाली. बोट हलली नाही. भरतीबाईने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सतरा. अठरा. एकोणिसाव्या मिनिटाला बोटीचं शेपूट जरासं डावीकडे वळलं, आणि ती मोकळी झाली.

साहेब कचेरीत आले ते बूट दाराबाहेर काढून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तक्ता हातात घेतला, पहिलं पान वाचलं, उभ्या उभ्याच सही केली आणि सोमवारी हाच छापायला जाईल असं सांगितलं. मग म्हणाले, "ती एक ओळ कुठली, दाखवा तरी." तिने दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. इतक्या छोट्या ओळीसाठी आपण सव्वा तास वाळूवर बसलो हे त्यांना पचत नसावं.

सासरे तेवढ्यात खांबावरून परतले. दारातच वही उघडून म्हणाले, "तीन मिनिटं उशीर, सूनबाई."

"साहेबांचं वजन धरलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली, आणि मग साहेब ऐकत आहेत हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. पण सगळ्यात मोठ्याने साहेबच हसले.

ते गेल्यावर मला वाटलं, आता ही घरी जाईल आणि दोन दिवस झोपेल. तक्ता लागला, शून्य जागेवर राहिलं, आणखी काय हवं? मी कप गोळा केले. जिन्यापाशी आले तेव्हा मागे वळून पाहिलं, तर ती पुन्हा खुर्चीवर मांडी घालून बसली होती, समोर सासऱ्यांची वही आणि तक्ता शेजारी शेजारी.

"मावशी," तिने हाक मारली, "खांबावर दोन सेंटिमीटर जास्त, आणि बोट तीन मिनिटं उशिरा. पाणी जास्त असलं तर बोट आधी सुटायला हवी की नाही? सकाळी वारा कुठून होता, लिहिलंय का तुम्ही?"

मी कप पायरीवर ठेवले आणि डायरी उघडली. लिहिलं होतं.